टोपण उघडं राहिलं म्हणून

टोपण काढलंत ना? बरं झालं. आता दोन घटका ऐकून घ्या. मी डिंकाची कांडी बोलतेय. अंगठ्याएवढी जाड, बोटाएवढी लांब, बूड फिरवलं की डोकं वर काढणारी. अंगावर पिवळं बदक छापलेलं होतं. आता त्याची चोच तेवढी उरलीय.

माझं आयुष्य म्हणजे काय हो, झिजणं. जन्माला आले तेव्हा जे होतं ते सगळं पोटात घेऊनच आले, आणि पुढे नुसती देत गेले. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्यांच्या हाती झिजले ती माणसं चांगली होती. त्यांचे उपकार आठवले की बोलावंसं वाटतं, म्हणून बोलतेय.

जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यातला. गरम पातळ डिंक नळीत ओतला, गार होऊ दिला, आणि वरून टोपण दाबून बसवलं. झाला अंधार. आम्ही सगळ्या बहिणी एका खोक्यात, खांद्याला खांदा लावून. किती दिवस आगगाडीत होतो, किती दिवस ट्रकमध्ये, कोण मोजणार? खोकं उघडलं तेव्हा कोरडी थंड हवा आत आली, आणि तिच्याबरोबर कोळशाचा आणि आंबट सिरक्याचा वास. शान्शी प्रांतातलं ते एक लहानसं तालुक्याचं गाव. शाळेच्या फाटकासमोरचं दुकान. तिथे आम्हाला काचेच्या बरणीत उभं करून ठेवलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या, पुढे थंडी पडू लागली, तेव्हा एक आजी आल्या. कानटोपी घातलेल्या, हातात कांद्याच्या पातीची जुडी. त्यांनी मला उचलून नाकाशी धरलं.

"ही चिकटते का नीट?"

"आजी, डिंक आहे तो. चिकटणार नाही तर काय नाचणार?" दुकानदार म्हणाला.

"मागे तुमच्या खोडरबराने पोरीची वही फाटली, म्हणून विचारते. आणि हे चित्र कसलं? कोंबडी?"

"बदक आहे, आजी!" खालून आवाज आला.

तिथे एक पाच वर्षांची मुलगी उभी होती. गाल थंडीने लाल, समोरचा एक दात पडलेला. तिने दोन्ही हात वर केले, आजींनी मला त्या हातांत दिलं, आणि मी झाओझाओची झाले. झाओझाओ म्हणजे बोर. पोटात असताना तिच्या आईला वाळलेल्या लाल बोरांशिवाय काही गोड लागत नव्हतं, म्हणून घरात हेच नाव पडलं.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. झाओझाओचा बाबा योंगशेंग कोळशाचा ट्रक चालवायचा. महिन्यातून थोडे दिवस घरी, बाकी रस्त्यावर. घरात आजी, म्हणजे त्याची आई, झाओझाओ आणि झाओझाओची आई यालिंग.

यालिंगबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिचीच.

ती गावातल्या बालवाडीत शिकवायची. एकतिशीची, बारीक अंगाची, सारखी घाईत. तिला प्रत्येक वस्तूत पोरीच्या जिवाला धोका दिसायचा. बोराची बी घशात अडकेल. गरम पाण्याचा थर्मास लवंडेल. खिडकीची कडी सैल झालीय. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने माझ्या अंगावरची बारीक अक्षरं खिडकीपाशी नेऊन वाचली आणि विचारलं, "आई, ही पोटात गेली तर?"

आजी कणीक मळत होत्या. "अगं, तुझा नवरा लहानपणी भिंतीचा चुना खायचा. काय झालं त्याला? ट्रक ओढतोय."

"ट्रक चालवतात हो, ओढत नाहीत."

"घरी येतो तेव्हाचं त्याचं तोंड बघ, आणि मग सांग."

अशी ती सासू-सून. बोलणं तिखट, पण जेवताना एकमेकींच्या वाटीत मांसाचा तुकडा हळूच सरकवायच्या.

झाओझाओने मला खूप वापरलं. झाडाची पानं चिकटवली, बोराच्या बिया चिकटवल्या, बाबाच्या जुन्या मोज्याला कागदाचे डोळे चिकटवले. एकदा आजी डुलकी घेत होत्या, तर त्यांच्या चष्म्यावर फुलपाखरू चिकटवलं. आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आज ऊन कसं रंगीत पडलंय!"

एकच खोड होती तिला. टोपण लावायची नाही. विसरायची असं नाही, मुद्दाम काढून ठेवायची. रोज झोपण्याआधी मला खिडकीत उभं करायची, टोपण काढायची, आणि माझ्या डोक्यावर फुंकर घालून म्हणायची, "आता श्वास घे हं."

माझ्या जातीत कुणाला असं प्रेम मिळालं असेल, मला नाही वाटत. खरं सांगायचं तर त्या प्रेमाने मी वाळत चालले होते. खोली गरम ठेवणारे पाण्याचे नळ खिडकीखालूनच जायचे. त्या कोरड्या उबेने माझं डोकं आधी घट्ट झालं, मग त्याला भेगा पडल्या.

पण घरात तेव्हा माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? घराचं सगळं लक्ष एका परीक्षेवर लागलं होतं.

पदवीनंतर पुढचं शिकायचं, तर साऱ्या देशात एकदाच ती परीक्षा होते, डिसेंबरच्या कडाक्यात. दोन दिवस, चार पेपर. यालिंगला प्रांताच्या राजधानीतल्या विद्यापीठात बालशिक्षणाचा पुढचा अभ्यास करायचा होता. हौस म्हणून नव्हे. गावात आता लेकरंच कमी जन्माला येतात. तिच्या बालवाडीत पूर्वी मधल्या गटाचे चार वर्ग होते, आता एक राहिला. रिकाम्या वर्गांतल्या छोट्या खुर्च्या एकावर एक चढवून ठेवल्या होत्या. बालवाडी आज ना उद्या बंद पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या शहरात काम मिळवायचं तर मोठी पदवी हवी.

मागच्या वर्षी ती बसली होती. थोडक्यात राहिली. या वर्षी पुन्हा बसते म्हणाली, तेव्हा फोनवर बोलता बोलता योंगशेंगने ट्रक कडेला घेतला. ट्रकचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाला, "बस. पण एवढंच एक वर्ष. आईचे गुडघे दुखतात. पोरगी तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसते. या वेळी नाही झालं, तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची. कबूल?"

"कबूल," यालिंग म्हणाली. आणि फोन ठेवला.

आजी म्हणाल्या, "पोरीचं मी बघते. तू वाच. पण वाचायचं तर वाच हो, पुस्तकावर डोकं ठेवून रडत बसू नकोस. भिजलं तर पुस्तक रद्दीवालाही घेत नाही."

मग तिचं सुरू झालं. दिवसा बालवाडी, त्यानंतर गावातल्या वाचनालयात. पहाटे जिन्यात. घरात पाठांतर केलं तर पोरगी उठेल, म्हणून अंगावर जाड कोट, हातात थर्मास, आणि चौथ्या मजल्यावरून खाली, खालून वर, अशी पुटपुटत फिरायची. जिन्यातले दिवे आवाजावर लागणारे. ती थांबली की दिवा विझायचा, मग ती पाय आपटायची आणि दिवा लावून पुढची ओळ म्हणायची.

दुसऱ्या मजल्यावर कुओ काकू राहायच्या. एकदा त्या वरच आल्या.

"पेइ आजी, तुमच्या सुनेला काही होतंय का? जिन्यात एकटीच बोलते आणि पाय आपटते."

"अभ्यास करते," आजी म्हणाल्या.

"या वयात? आमचा भाचा बसलाय त्या परीक्षेला, तो बावीसचा आहे. हिची पोरगी दात पाडायला लागली! बाईमाणसाने एवढं शिकून काय, बटाटे वेगळे सोलायचे असतात?"

आजी स्वतः सुनेला दिवसभर टोमणे मारायच्या, पण बाहेरच्याने मारलेला त्यांना खपायचा नाही. त्या म्हणाल्या, "कुओबाई, तुमच्या भाच्याला जेवण वाढून मिळतं, कपडे धुऊन मिळतात. आमची सून पोरीची शी-शू काढून वाचते. दोघं एकाच पेपरला बसणार ना? मग बघू या बटाटे कोण नीट सोलतं." आणि दार लावून घेतलं. मग आत येऊन यालिंगलाच बोलल्या, "पाय जरा हळू आपट की गं! लोकांची तोंडं बांधायला माझ्याकडे काय दोरी आहे का?"

पोरीचे मात्र हाल होत होते. आई घरात असूनही नसायची. एकदा झाओझाओला स्वप्नात भीती वाटली, ती रडत उठली, आणि तोंडातून "आजी" अशी हाक आली. यालिंग शेजारीच होती. तिने पोरीला थोपटलं, निजवलं, आणि मग खिडकीपाशी येऊन उभी राहिली. माझ्याजवळच. तिच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. मला हात नाहीत, नाहीतर तिच्या पाठीवरून फिरवला असता.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात घरात मोठा वाद झाला, आणि तो माझ्यावरून.

बालवाडीत कागदाची बर्फफुलं चिकटवून न्यायची होती. सकाळची घाई. झाओझाओने मला कागदावर घासलं, पण माझ्यातून नुसता भुसा पडला. फुलं गळून खाली. तिने पुन्हा घासलं, पुन्हा गळली. ती भोकाड पसरून रडायला लागली.

यालिंग आली. रात्रीचं जागरण, डोळे लाल. तिने मला उचललं, माझं भेगाळलेलं डोकं पाहिलं.

"टोपण कुठे आहे? किती वेळा सांगितलं टोपण लाव म्हणून! एक वस्तू नीट ठेवता येत नाही तुला?"

"तिचा श्वास कोंडतो," झाओझाओ हुंदके देत म्हणाली.

"डिंकाला कसला आलाय श्वास! आई मर मर मरते आणि तुला टोपण लावता येत नाही!"

एवढी मोठ्याने ती कधीच ओरडली नव्हती. झाओझाओने भिंतीशी अंग चोरलं. आजी स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन आल्या.

"तिच्यावर काय ओरडतेस? ती पाच वर्षांची आहे. परीक्षेवर ओरड. जा, जिन्यात जाऊन ओरड, दिवे तरी लागतील."

यालिंगने खाटेखालून माझं टोपण शोधून काढलं, माझ्यावर घट्ट दाबलं, आणि मला आपल्या पेनांच्या पारदर्शक पिशवीत टाकलं. "आता ही माझ्याकडे राहील," म्हणाली. झाओझाओने हातसुद्धा पुढे केला नाही. नुसती बघत राहिली.

यालिंग दारापर्यंत गेली आणि परत आली. पोरीच्या कानटोपीची गाठ बांधलेलीच होती, ती उगाच सोडून पुन्हा बांधली. मग गेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्षातला सगळ्यात छोटा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी उकडलेल्या करंज्या खातात, आत कोबी आणि खिमा. न खाणाऱ्याचे कान थंडीने गळून पडतात म्हणे. परीक्षा जिल्ह्याच्या शहरात होती, यालिंगला दुपारच्या बसने जायचं होतं. म्हणून आजींनी करंज्या सकाळीच केल्या. मी पिशवीत, पिशवी टेबलावर. सगळं दिसत होतं.

"खा अजून. कान गेले तर पर्यवेक्षकाचं बोलणं ऐकू यायचं नाही," आजी म्हणाल्या.

"आजी, कान पडले तर परत चिकटवता येतात?"

"येतात की. डिंकाने."

"डिंक आईने घेतलाय," झाओझाओ ताटात बघत म्हणाली.

कुणी हसलं नाही. यालिंगने आपल्या वाटीतली सगळ्यात गुबगुबीत करंजी पोरीच्या वाटीत ठेवली. पोरीने ती परत आईच्या वाटीत ठेवली. "तू खा. तुझी परीक्षा आहे." मला त्या क्षणी पिशवीतून उडी मारावीशी वाटली.

पहिल्या दिवशीचे दोन पेपर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळचा एक झाला. मी प्रत्येक वेळी टेबलाच्या कोपऱ्यावर होते, पण माझं काम पडलं ते शेवटच्या पेपरला. तो पेपर ज्या त्या विद्यापीठाने स्वतः काढलेला असतो. तो मोहोरबंद पाकिटात येतो, आणि लिहून झाल्यावर परीक्षा देणाऱ्यानेच प्रश्न आणि उत्तरांचे कागद पाकिटात घालायचे, डिंकाने तोंड बंद करायचं, आणि जोडावर आडवी सही करायची. डिंक खोलीत ठेवलेला असतो, पण एकच कांडी सगळ्या रांगांत फिरते. आमच्या केंद्रावर स्वतःची आणायची मोकळीक होती. यालिंग तर जगातलं सगळंच बरोबर घेऊन फिरणारी. माझं डोकं वाळलंय हे मात्र ती अभ्यासाच्या घाईत विसरली होती. दारावर पर्यवेक्षक बाईंनी माझं टोपण काढून पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि मला आत सोडलं. आखूड केसांच्या, गळ्यात लाल फितीला ओळखपत्र असलेल्या त्या बाई मला आजही आठवतात.

यालिंगने छान लिहिलं. तीन तास तिची मान वर झाली नाही. लहान मूल का रडतं, का हट्ट करतं, त्याला कसं समजून घ्यावं, असेच प्रश्न असावेत, कारण लिहिता लिहिता तिच्या ओठांवर मध्येच हसू यायचं, मध्येच डोळे भरायचे. मग घंटा झाली.

"पेनं खाली ठेवा. पाकिटं बंद करा."

शेवटचं वाक्य पुरं करण्याची घाई, गारठलेली बोटं. तिने समोरचे कागद गोळा केले, पाकिटात सरकवले, मला घेतलं आणि पाकिटाच्या तोंडावरून खरखर फिरवलं. तळहाताने दाबलं. जोडावर सही केली. सुटलो एकदाचे, असा मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कच्च्या कामाचे कागद वेगळे डाव्या हाताला ठेवा. ते पाकिटात जाणार नाहीत."

यालिंगने कोपराखालचे कागद उचलले. आणि तिचा हात हवेतच थांबला.

ते कच्चे कागद नव्हते. ती उत्तरं होती. कच्चे कागद तिने पाकिटात घालून बंद केले होते.

असं माणूस रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, पाणी नाही, नुसता चेहरा पांढरा. पुढच्या रांगेतली पाकिटं गोळा होत होती. उत्तरं बाहेर राहिलेलं पाकीट तसंच गेलं असतं तर त्या पेपरात भोपळा, आणि पुस्तकं माळ्यावर. पाकीट ओढून फाडलं तर काय व्हायचं, तेही तिला माहीत होतं. तिने हात वर केला.

बाई आल्या. "काय झालं?"

"बाई... उत्तरं बाहेर राहिली."

"मग आत काय घातलंत?"

"कच्चे कागद."

"सही केलीत?"

"केली."

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हळू आवाजात म्हणाल्या, "फाडू नका. फाटलं तर मला तसं लिहून द्यावं लागतं, पुढचं माझ्या हातात राहत नाही. माझ्यासमोर हळूच बघा, सुटतंय का."

यालिंगने नखाने कड उचलली.

आणि पाकीट उघडलं! वाळकं पान देठापासून सुटावं तसं, अलगद. कागदाचा एक धागासुद्धा निघाला नाही. सहीचा अर्धा भाग वर, अर्धा खाली, दोन्ही धड. आत माझा पांढरा भुसा तेवढा पडलेला.

"हे तर चिकटलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "कसला डिंक आणलात?"

"माझ्या मुलीचा आहे," यालिंग म्हणाली. "ती टोपण उघडं ठेवते." आणि आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "घाला लवकर. माझ्यासमोर घाला."

कच्चे कागद बाहेर, उत्तरं आत. बाईंनी खोलीतली कांडी आणून दिली, ताजी, ओली, घट्ट धरणारी. माझ्याच जातीतली ती बहीण. तिने जोड असा बसवला की सहीची रेघ रेघेला मिळाली. त्या बहिणीचेही माझ्यावर उपकार आहेत. बंद करणं तिने केलं. सोडणं माझ्या वाट्याला आलं.

मला आधी लाज वाटली हो. डिंकाने चिकटू नये यापरतं नामुष्कीचं काय? पण मग कळलं. मी ताजी असते, माझं टोपण कुणी रोज नीट लावलं असतं, तर ते पाकीट फाटल्याशिवाय उघडलं नसतं. एका पोरीने मला श्वास घ्यायला खिडकीत ठेवलं, आणि तिच्या आईचा श्वास परत आला.

बसमध्ये यालिंगने मला पिशवीतून काढून मुठीत धरलं. गावापर्यंत सोडलं नाही. मूठ आधी गार होती, मग हळूहळू गरम झाली.

घरात शिरताच तिने कोटसुद्धा काढला नाही. झाओझाओ जमिनीवर बसली होती. यालिंग तिच्यासमोर बसली आणि मला पुढे केलं.

"घे. तुझी आहे."

झाओझाओने आईकडे संशयाने पाहिलं. "टोपण लावू?"

"नको. श्वास घेऊ दे तिला," यालिंग म्हणाली आणि पोरीला छातीशी धरलं. मी दोघींच्या मध्ये चेपले गेले. तशी ऊब मला पुन्हा मिळाली नाही.

आजी दारात उभ्या होत्या. "पेपर गेला वाटतं वाईट," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि राळ्याची पेज गरम करायला गेल्या. जेवताना सगळं कळलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे मी त्या दुकानदाराला नीट चिकटणारी मागत होते, ते देवाने ऐकलं नाही, हेच बरं झालं म्हणायचं!"

नव्या वर्षाचे सण गेले, कंदिलांचा उत्सव गेला, आणि गुण आले. चांगले होते. वसंतात ती तोंडी परीक्षेला राजधानीला जाऊन आली. त्यानंतर एका दुपारी फोनवर निवडलेल्यांची यादी लागली. यालिंगने आपलं नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग झाओझाओला म्हणाली, "तू बघ गं, हे आईचंच नाव आहे का?" पोरीला त्यातलं एकच अक्षर वाचता येत होतं. ते तिने बोट ठेवून दाखवलं.

आजी शेवयांची कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. कणकेत मीठ टाकलं. जरा वेळाने विचारलं, "मी मीठ घातलं का गं यात?" त्या दिवशीच्या शेवया इतक्या खारट होत्या की सगळे घटाघटा पाणी पीत जेवले, आणि कुणीच तसं म्हणालं नाही. योंगशेंग फोनवर म्हणाला, "पुस्तकं माळ्यावर नको टाकूस," आणि त्याचा आवाज घसरला. तो म्हणाला, धूळ गेली.

कुओ काकू टोपलीभर अंडी घेऊन आल्या. "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, ही पोरगी नाव काढणार."

"हो तर," आजी म्हणाल्या. "जिन्यातल्या भिंतींनी ऐकलंय सगळं. बसा, बटाटे सोलून जा."

मग तो दिवस आला, ज्याची भीती सगळ्यांना होती आणि कुणी बोलत नव्हतं. यालिंगच्या जाण्याचा. विद्यापीठ लांब, सुट्टीलाच येणं होणार. सकाळी सामान दाराशी होतं. सामानापाशी तिचे बूट.

मी तेव्हा अगदी तळाला आले होते. झाओझाओने मला बुडापर्यंत फिरवलं, बोटाने कोरून उरलेला डिंक काढला, आणि सगळाच्या सगळा आईच्या बुटांच्या तळव्यांना फासला. मग बूट जमिनीवर ठेवले आणि त्यांच्यावर चढून दाबत उभी राहिली.

"काय करतेस गं?" आजींनी विचारलं.

"आई आता जाऊ शकणार नाही."

आजींनी तोंड फिरवलं. यालिंगने बूट घातले. झाओझाओ डोळे मिटून उभी होती. मीसुद्धा, खरं सांगते, त्या क्षणी देवाला म्हटलं की या एका वेळी तरी मला चिकटू दे. पोरीचं मन राहू दे.

यालिंगने पाय उचलला. बारीकसा 'टच' आवाज झाला, आणि बूट सुटला.

झाओझाओ रडली. मला जमिनीवर फेकून म्हणाली, "वाईट डिंक! वाईट!"

यालिंगने मला उचललं. माझी नळी रिकामी झाली होती. ती पोरीसमोर उकिडवी बसली. "वाईट नाही गं. हिने आईला एकदा वाचवलं, ते असंच. घट्ट धरलं असतं तर आईचं सगळं फाटलं असतं. ही सोडते, पण फाडत नाही. आई जाते, पण तुटत नाही. कळलं?"

झाओझाओने मान हलवली. नाही म्हणून. पाच-सहा वर्षांच्या लेकराला हे कसं कळावं? पण तिने आईच्या कोटाची बटणं लावली. एक चुकीच्या काजात लावलं. यालिंग तशीच बसमध्ये चढली, वाकडा कोट घालून. तो तिने वाटेत नीट केला नसणार, मला खात्री आहे.

आता मी रिकामी नळी आहे. कचऱ्यात जायला हवी होते, पण गेले नाही, हे या घराचे उपकार. टेबलावर माझी जागा आहे. संध्याकाळी यालिंगचा फोन येतो, तेव्हा झाओझाओ फोन उभा करते आणि तो पडू नये म्हणून मागून मला टेकवते. आईचा चेहरा फोनच्या पलीकडच्या अंगाला असतो. मला तो दिसत नाही, आवाज ऐकू येतो. मला फोनच्या कडेवरून दिसतो तो पोरीचा चेहरा, आणि मला वाटतं, हेच पाहायला मिळावं म्हणून मी एवढी झिजले.

माझं दोघांकडे मागणं आहे. परीक्षा देणाऱ्यांनो, पाकीट बंद करण्याआधी एकदा आत बघा. सगळ्यांच्या घरी झाओझाओ नसते. आणि आयांनो, लेकराने टोपण उघडं ठेवलं तर ओरडण्याआधी एवढं विचारा, का ठेवलंस बाळा? माझ्यासाठी नका विचारू. माझं काय, मी झिजणारच. तुमच्यासाठी विचारा.

आता मला सोडा. जिन्यात दिवा लागलाय, आजी भाजी घेऊन वर येताहेत, आणि फोनची वेळ झाली. झाओझाओ मला फोनमागे टेकवण्याआधी रोज एकदा आईसमोर धरते, टोपण काढून दाखवते, आणि विचारते,

"आई, हिने घेतला. तू घेतलास का श्वास?"

आणि पलीकडून, लांबून, यालिंग एक मोठा श्वास घेऊन दाखवते.